दहावीनंतरचं प्रमाणपत्र नेमकं कुणाचं? कौशल्य शिक्षणाची रचना समजून घेऊया



मी प्राथमिक शाळेत शिकवते. तरीसुद्धा दरवर्षी दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे पालक येतात. कारण सोपं आहे. चौथीत असताना मूल आपल्या हाताखाली होतं, गावात राहणारी शिक्षिका म्हणून ओळख आहे, आणि हायस्कूलच्या सरांना विचारायला संकोच वाटतो. "मॅडम, पोराला आयटीआयला घालू की डिप्लोमाला?" "मॅडम, तालुक्याला एक इन्स्टिट्यूट आहे, सहा महिन्यांत सर्टिफिकेट देतात, सरकारमान्य आहे म्हणतात, चालेल का?" या प्रश्नांना "चांगलं आहे, घाला" असं उत्तर देऊन चालत नाही. कारण त्यात त्या घराचे पैसे असतात आणि मुलाची एक-दोन वर्षं असतात.

म्हणून आज आपण आपल्या देशातली कौशल्य आणि व्यवसाय शिक्षणाची रचना समजून घेणार आहोत. नावं आणि लघुरूपं भरपूर आहेत, घाबरू नका. एक एक करून सुटतात.

आधी आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ

शालेय शिक्षणात चार कामं असतात. अभ्यासक्रम कुणीतरी ठरवतं, कुणीतरी शिकवतं, कुणीतरी परीक्षा घेतं आणि कुणीतरी प्रमाणपत्र देतं. दहावीचं पाहा. पुस्तक बालभारतीचं, शिकवणारी आपली शाळा, पण परीक्षा आणि गुणपत्रक राज्य मंडळाचं. शाळेने कितीही छान शिकवलं तरी दहावीचं प्रमाणपत्र शाळा स्वतः छापून देऊ शकत नाही. हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्याचा वेगळा विचारही आपण करत नाही.

कौशल्य शिक्षणातही हीच चार कामं आहेत. फरक एवढाच की तिथे ही कामं करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत आणि पालकांना त्यांची नावं माहीत नसतात. शिकवणाऱ्या संस्थेला प्रशिक्षण संस्था म्हणतात. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला अवॉर्डिंग बॉडी, म्हणजे प्रमाणपत्र देणारी मान्य संस्था. परीक्षा घेऊन गुण देणारी असेसमेंट एजन्सी, म्हणजे मूल्यमापन संस्था. आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारी नियामक संस्था म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण आणि प्रशिक्षण परिषद. तिचं इंग्रजी लघुरूप एनसीव्हीईटी. ही परिषद स्वतः वर्ग भरवत नाही. प्रमाणपत्र कोण देऊ शकतं, परीक्षा कोण घेऊ शकतं, कोणता अभ्यासक्रम मान्य, हे ती ठरवते.

तेव्हा पालक म्हणाले "सरकारमान्य आहे", की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रमाणपत्रावर देणाऱ्याचं नाव कुणाचं असणार आहे? शिकवणाऱ्याच इन्स्टिट्यूटचं असेल, तर थांबून चौकशी करायची.

ही रचना एकदम उभी राहिलेली नाही

स्वातंत्र्यानंतर कारखाने उभे राहायला लागले आणि कुशल कारागीर हवे होते. १९५० मध्ये केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. तिच्यातूनच आजचे आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. १९५६ मध्ये या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय पातळीवर एक परिषद आली, एनसीव्हीटी. जुन्या माणसांच्या तोंडी "एनसीव्हीटीचं सर्टिफिकेट" हा शब्द येतो तो तिथला. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा झाला.

नंतरच्या काळात मात्र गोंधळ वाढला. प्रत्येक मंत्रालयाचे वेगळे अभ्यासक्रम, वेगळी मुदत, वेगळं प्रमाणपत्र. एका खात्याचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि दुसऱ्याचं वर्षाचं, यांतलं मोठं कोणतं, हे सांगायला काही मापच नव्हतं. २००८ मध्ये खाजगी उद्योगांच्या सहभागातून राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ उभं राहिलं, तेव्हा अभ्यासक्रमांची संख्या आणखी वाढली. मग २७ डिसेंबर २०१३ रोजी सगळ्यांना एकाच फूटपट्टीवर बसवणारा आराखडा अधिसूचित झाला. त्याच्याबद्दल खाली सविस्तर लिहिते. २०१४ मध्ये कौशल्य विकासासाठी केंद्रात स्वतंत्र मंत्रालय झालं आणि पुढच्या वर्षी आयटीआयचं काम श्रम मंत्रालयाकडून या नव्या मंत्रालयाकडे आलं. डिसेंबर २०१८ मध्ये वर सांगितलेली नियामक परिषद अधिसूचित झाली आणि ऑगस्ट २०२० पासून कामाला लागली. जुनी एनसीव्हीटी तिच्यात विलीन झाली.

इतिहास इथेच पुरे. एवढंच लक्षात ठेवूया की वडिलांच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि मुलाच्या प्रमाणपत्रावर दुसरं नाव दिसलं, तर तेवढ्यावरून मुलाचं खोटं ठरत नाही.

फूटपट्टी: एनएसक्यूएफ

राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, म्हणजेच एनएसक्यूएफ. ही एक शिडी आहे. सुरुवातीला हिला दहा पायऱ्या होत्या. २०२३ मध्ये ती सुधारली आणि आता १ ते ८ अशा पायऱ्या आहेत, मध्ये २.५, ३.५, ४.५ अशा अर्ध्या पायऱ्याही आहेत. प्रत्येक मान्य अभ्यासक्रमाला यातली एक पायरी, म्हणजे लेव्हल, दिलेली असते.

याच वर्षी राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला आणि त्याने शाळा-कॉलेजचं शिक्षणही याच शिडीवर मांडलं. आपल्याला समजायला हे फार सोयीचं झालं. पाचवी म्हणजे लेव्हल १. आठवी म्हणजे २. दहावी ३, बारावी ४. तीन वर्षांची पदवी ५.५ आणि सर्वांत वर पीएचडी, लेव्हल ८. आमच्या चौथीच्या वर्गातली मुलं अजून पहिल्या पायरीवरही चढलेली नाहीत, असं मी सहकाऱ्यांना गमतीने म्हणते.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही लेव्हल म्हणजे किती पुस्तकं वाचली याचं माप नव्हे. माणसाला काय माहीत आहे, हाताने काय करता येतं, नोकरीसाठी लागणारी तयारी कितपत आहे आणि किती जबाबदारी घेता येते, अशा गोष्टींवरून ती ठरते. यातली जबाबदारीची कसोटी मला सगळ्यांत सोपी वाटते. पालकांना समजावताना मी गावातल्या मोटार दुरुस्तीच्या दुकानाचं उदाहरण देते. दुकानात नवा आलेला पोरगा पाने-पक्कड देतो, सांगितलं तेवढंच करतो, मिस्त्री शेजारी उभा असतो. ही खालची पायरी. पुढे तो ठरावीक काम, समजा जळालेली मोटार उघडून तिची वायंडिंग काढणं, कुणी न सांगता करतो. अजून पुढे गेला की बिघाड काय आहे हे स्वतः शोधतो आणि आपल्या कामाची जबाबदारी घेतो. ही साधारण लेव्हल ४ च्या आसपासची गोष्ट झाली. त्याच्या पुढची पायरी म्हणजे दुसऱ्याच्या कामावर देखरेख करणं, गिऱ्हाइकाला खर्चाचा अंदाज देणं, दोन पोरांना शिकवणं. दुकानात ही शिडी पूर्वापार आहेच. सरकारने तिला आकडे दिले आणि लिहून काढलं.

क्रेडिटचा हिशोबही सरळ आहे. ३० तासांचं शिकणं म्हणजे १ क्रेडिट. वर्षाचे १२०० तास धरले की ४० क्रेडिट. हे तास वर्गातले असोत, कार्यशाळेतले असोत की प्रत्यक्ष कामावरचे असोत, सगळे मोजले जातात. मिळालेले क्रेडिट मुलाच्या नावावर अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या खात्यात जमा होतात. हल्ली शाळेत आपण सगळे मुलांचे 'अपार' आयडी काढण्याच्या मागे आहोत ना? तो आयडी याच खात्याशी जोडलेला आहे. पालक विचारतात "हे कशाला?", तेव्हा त्यांना एवढं सांगता यायला हवं.

आयटीआय: सगळ्यांत जुनी आणि भरवशाची वाट

महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, शिवाय खाजगीही आहेत. राज्यात हा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहतं. केंद्रात प्रशिक्षण महासंचालनालय आहे. अभ्यासक्रम तिथे ठरतो आणि अखिल भारतीय व्यवसाय परीक्षाही त्याच्याच देखरेखीखाली होते. पास झालेल्याला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे आपल्या तालुक्यात शिकलेल्या जोडाऱ्याचं प्रमाणपत्र गुजरातेत किंवा तामिळनाडूतही तेच असतं.

जोडारी शब्द आला म्हणून थोडं थांबते. आयटीआयच्या मराठी माहितीपत्रकात ट्रेडची किती सुंदर नावं असतात! फिटर म्हणजे जोडारी, टर्नर म्हणजे कातारी, वेल्डर म्हणजे संधाता, इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री, वायरमन म्हणजे तारतंत्री, मशिनिस्ट म्हणजे यंत्रकारागीर. मुलं आणि पालक मात्र इंग्रजी नावंच ओळखतात आणि अर्ज भरताना 'संधाता' पाहून गोंधळतात. नेट कॅफेवाला जे टिचकी मारेल ते खरं, अशी गत होते. तेव्हा अर्जाच्या आधी घरी बसून ही नावं एकदा समजून घ्या.

प्रत्येक ट्रेडची पात्रता वेगळी आहे. वीजतंत्री किंवा जोडारी व्हायचं तर दहावी हवी, गणित आणि विज्ञान घेऊन. हे दोन वर्षांचे ट्रेड. संगणक चालवण्याचा 'कोपा' हा एक वर्षाचा, त्यालाही दहावी लागते. तारतंत्री, संधाता, नळ कारागीर, शिवणकाम अशांना केंद्राची किमान पात्रता आठवी पास आहे. आपल्याकडे दहावीत नापास झालेल्या मुलालाही यातल्या काही ट्रेडना अर्ज करता येतो. ही गोष्ट निकालाच्या दिवशी त्या मुलाच्या घरात पोहोचायला पाहिजे. त्या दिवशी सगळे पेढेवाल्या घरी जातात. जाऊ द्या, विषयाकडे येते.

प्रवेश संचालनालयाच्या संकेतस्थळावरून, गुणवत्तेनुसार, फेऱ्यांमध्ये होतात. वयाची किमान अट १४ वर्षं आहे, वरची मर्यादा नाही. मुलींसाठी जागा राखीव आहेत. तरी मुलींचे अर्ज शिवणकाम, ब्युटी पार्लर आणि कोपा यांतच जास्त दिसतात. एखादी मुलगी वीजतंत्रीला जाते म्हणाली तर घरातून पहिला प्रश्न येतो, "खांबावर चढणार का?" खरं तर वीजतंत्र्याचं बरंचसं काम कारखान्यातल्या पॅनेलवर आणि दुरुस्तीच्या टेबलावर असतं. हे आपण शिक्षकांनी सांगायला हवं, घरचे दुसऱ्या कुणाचं ऐकतीलच असं नाही.

आयटीआयच्या वर्षाच्या १२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० सिद्धांताचे आणि १२० रोजगारक्षम कौशल्यांचे असतात. वर प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी किंवा प्रकल्पावर १५० तास. आकडे पाठ करू नका, प्रमाण पाहा. वर्गातल्या वेळेपैकी सत्तर टक्के वेळ हात चालतात. जे मूल आपल्या वर्गात बाकावर बसून चुळबूळ करतं पण पंख्याचं बटण बिघडलं की सगळ्यात आधी उठतं, त्याच्यासाठी हे प्रमाण फार मोलाचं आहे.

एक बारीक पण उपयोगाची गोष्ट. आयटीआयला मान्यता सरसकट संस्थेला मिळून संपत नाही, ती ट्रेडनिहाय आणि तुकडीनिहाय असते. खाजगी संस्थेत पाच ट्रेड चालत असतील तर आपल्या मुलाच्या ट्रेडला मान्यता आहे का, हे वेगळं विचारावं लागतं.

आणि आपल्यासारखंच तिथल्या शिक्षकांचंही प्रशिक्षण असतं बरं का. आपण जसं डीएड केलं, तसं आयटीआयच्या निदेशकांसाठी एक वर्षाचं शिल्प निदेशक प्रशिक्षण असतं. ट्रेड येणं वेगळं आणि ट्रेड शिकवता येणं वेगळं, हे तिथेही मान्य केलेलं आहे.

अल्प मुदतीचे कोर्स: इथे डोळे उघडे ठेवा

आयटीआयला वर्ष-दोन वर्षं लागतात. त्याच्या बाजूला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतचे कोर्स आहेत. यांची मांडणी वेगळी आहे. वाहन, आरोग्य, किरकोळ विक्री, बांधकाम, शेती अशा प्रत्येक क्षेत्रासाठी उद्योगांच्या पुढाकाराने एक सेक्टर स्किल कौन्सिल, म्हणजे क्षेत्र कौशल्य परिषद असते. त्या क्षेत्रात कोणकोणती कामं आहेत, प्रत्येक कामात माणसाला काय काय आलं पाहिजे, हे ती लिहून काढते. त्यावरून कोर्स बनतो. इथे पूर्ण ट्रेड नसतो, एक विशिष्ट काम असतं, त्याला 'जॉब रोल' म्हणतात. १५ जुलै २०१५ ला सुरू झालेली प्रधानमंत्री कौशल विकास योजना मुख्यतः अशा कोर्सची आहे आणि तिच्यात प्रशिक्षणार्थ्याला फी नसते. आपल्या राज्यात कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळही आपल्याकडे नोंदवलेल्या संस्थांमधून काही महिन्यांचे ते दोन वर्षांचे कोर्स चालवतं आणि परीक्षा स्वतः घेतं.

हे कोर्स वाईट नाहीत. पण नावावरून फसगत होते ती इथेच. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईने मला आनंदाने सांगितलं होतं की मुलगी नर्सिंग करते आहे. फी चाळीस हजार, शेळ्या विकून भरलेली. कागद पाहिले तर कोर्स होता रुग्ण सहायकाचा, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंटच्या कामाचा. संस्थेच्या फलकावर मोठ्या अक्षरात 'नर्सिंग' आणि खाली बारीक अक्षरात 'असिस्टंट'. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, पण अशा पाट्या तुमच्याही तालुक्यात असतील. रुग्ण सहायकाचं काम प्रतिष्ठेचंच आहे. रुग्णाला अंघोळ घालणं, कूस बदलणं, चाकाच्या खुर्चीतून नेणं, स्वच्छता ठेवणं यावर दवाखाना चालतो. या कामाचा मान्य कोर्सही आहे. पण तो करून मुलगी परिचारिका होत नाही. परिचारिका व्हायला एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करावं लागतं आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. सरकारी भरतीत 'अधिपरिचारिका' पदाचा अर्ज भरताना ती नोंदणी मागतात. ती मुलगी आज एका दवाखान्यात कामाला आहे, काम मन लावून करते. तिच्या आईला अजूनही वाटतं की दोन-चार वर्षांच्या अनुभवानंतर ती आपोआप सिस्टर होईल.

यातून एक नियम लक्षात घ्या. परिचर्या, औषधनिर्माण यांसारख्या काही व्यवसायांना स्वतःची वेगळी कायदेशीर परिषद आहे. तिथे कौशल्याचं प्रमाणपत्र कितीही खरं असलं तरी त्या परिषदेची नोंदणी त्याच्याने मिळत नाही. विजेच्या कामाचंही काहीसं तसंच. वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र ही शैक्षणिक पात्रता झाली, पण वायरिंगच्या कामासाठी लागणारा तारतंत्रीचा परवाना वेगळा असतो, तो राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून घ्यावा लागतो.

मग तपासायचं कसं? प्रत्येक मान्य अभ्यासक्रमाची नोंद राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत असते. ही नोंदवही इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. संस्थेकडे कोर्सचा सांकेतिक क्रमांक मागायचा आणि तो तिथे टाकून पाहायचा. कोर्सचं नेमकं नाव, लेव्हल, तास आणि प्रमाणपत्र देणारी संस्था, सगळं दिसतं. मान्यता किती तारखेपर्यंत आहे तेही असतं, ते जरूर बघा. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच म्हणून समजा. 'स्किल इंडिया डिजिटल हब' या सरकारी पोर्टलवरही कोर्स आणि केंद्रं शोधता येतात. दहा मिनिटांचं काम आहे, आणि स्मार्टफोन नसलेल्या पालकासाठी ते आपण शाळेत करून देऊ शकतो.

काम येतं, कागद नाही: अशांसाठी

आपल्या पालकांमध्ये गवंडी आहेत, सुतार आहेत, वीस वर्षं प्लंबिंग करणारे आहेत. त्यांना शाळेचा फॉर्म भरताना 'शिक्षण: सातवी' लिहावं लागतं आणि हाताच्या कसबासाठी रकानाच नसतो. या लोकांसाठी पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. त्यात पूर्ण कोर्स करावा लागत नाही. थोडी ओळख करून देतात, राहिलेल्या गोष्टी, विशेषतः सुरक्षिततेच्या, सांगतात आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. आखाती देशात कामाला जाणाऱ्यांना किंवा मोठ्या ठेकेदाराकडे लागणाऱ्यांना असा कागद हाताशी असलेला बरा. गावातल्या घरकामासाठी मात्र कुणी तो विचारत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

शिकाऊ उमेदवारी

अप्रेंटिसशिप हा शब्द सगळ्यांना माहीत असतो, नियम फारसे नसतात. १९६१ च्या कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. विद्यावेतन द्यावं लागतं. २०१९ च्या नियमांत ते शिक्षणाप्रमाणे महिना किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरलं होतं. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत सरकार त्याचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, उचलतं. निश्चित केलेल्या ट्रेडमध्ये उमेदवारी पूर्ण करून परीक्षा पास झाली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेसारख्या भरतीत त्याला किंमत आहे.

पालकांनी तीन-चार गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. शिकाऊ उमेदवार कायद्याने 'कामगार' नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. म्हणून कामगार कायदे त्याला सरसकट लागू होत नाहीत, पण कारखान्यातल्या आरोग्य आणि सुरक्षिततेच्या तरतुदी लागू होतात आणि इजा झाली तर भरपाईचा हक्क असतो. उमेदवारी संपल्यावर तिथेच नोकरी मिळेल अशी हमी कायदा देत नाही. करार लेखी असतो आणि त्याची नोंद व्हावी लागते. मूल अज्ञान असेल तर त्यावर पालकाची सही लागते, तेव्हा सही करायच्या आधी वाचा, नाहीतर आमच्याकडे घेऊन या. करारच नसेल आणि "शिकाऊ म्हणून ये, बघू नंतर" असं कुणी म्हणत असेल, तर ती नुसती कमी पगाराची नोकरी आहे.

शाळेतला कौशल्य विषय आणि पुढचा रस्ता

नववीपासून काही शाळांत एनएसक्यूएफचे विषय असतात. ऑटोमोबाइल, रिटेल, आरोग्य, शेती, मल्टी स्किल वगैरे. त्यांची पुस्तकं आणि आराखडे भोपाळची पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था तयार करते, ती एनसीईआरटीचा भाग आहे. यातल्या मल्टी स्किलसारख्या विषयाची कल्पना आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हापासून तिथे मुलं वेल्डिंग, वीज, शेती आणि स्वयंपाकघरातली कामं हाताने करत शिकत आली आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तर सहावीपासूनच हाताच्या कामाची ओळख आणि सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, असं म्हणतं. त्याच धोरणात एक आकडा दिला आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार आपल्याकडे १९ ते २४ वयाच्या काम करणाऱ्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालं होतं. जर्मनीत तोच आकडा ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६. आपल्याकडे काम येणारी माणसं कमी आहेत असा याचा अर्थ मी घेत नाही. ती दुकानात, बापाच्या हाताखाली शिकलेली असल्यामुळे या मोजणीत येत नाहीत.

"आयटीआय केलं की पुढचं शिक्षण संपलं" हा समज अजून पक्का आहे, म्हणून रस्ते सांगते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तिथून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जायची वाट आहेच. दुसरीकडे, भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावी समकक्षतेचं प्रमाणपत्र घेता येतं, आठवीवर दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर दहावीचं. राज्यात आता रतन टाटा महाराष्ट्र राज्य कौशल्य विद्यापीठही आहे.

शिडीवर दोन वर्षांचा आयटीआय साधारण चौथ्या पायरीवर आणि बारावीही चौथ्या पायरीवर. कागदावर दोघं शेजारी उभे आहेत. लग्नाच्या बाजारात आणि नातेवाइकांच्या गप्पांत तसं नाही, हे तुम्हीही जाणता. शिवाय आपण शिक्षकच "अभ्यासात कच्चा आहे, आयटीआयला घाला" असं सहज बोलून जातो. वीजतंत्रीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलाला ओहमचा नियम, अपूर्णांक आणि मोजमापं पहिल्याच महिन्यात लागतात. चौथी-पाचवीत ज्याचे अपूर्णांक कच्चे राहिले, तो तिथे कार्यशाळेत अडतो. म्हणून मी आता अपूर्णांक शिकवताना पोळीच्या तुकड्यांबरोबर पाव इंची, अर्धा इंची पाइपचे तुकडेही आणते. प्लंबर पालकांकडे ते सहज मिळतात. अर्धा इंच मोठा की पाऊण, हे मुलं पाइपात बोट घालून सांगतात.

पुढच्या वेळी आयटीआयच्या अर्जाला लागणारी कागदपत्रं आणि दाखल्यांची यादी देईन. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर आणि अधिवास प्रमाणपत्र यांना वेळ लागतो. घरात कुणी दहावीला असेल तर ते काम निकालाची वाट न पाहता आत्ताच तहसील कचेरीत टाकून ठेवा.